लव पांघरलेली पानं

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची, तर जळगावच्या पिंप्राळ्यात त्यासाठी कुणाला बाजारात जावं लागत नाही. रेल्वेरुळांच्या कडेला, अर्धवट बांधकामांच्या मागे, नाल्याच्या काठी, जिथं मुरूम टाकून ठेवलाय तिथं रुई उभीच असते. माळ ओवणाऱ्याच्या बोटांना तिच्याकडून दोन गोष्टी लागतात. एक चीक, तो डोळ्यात जाऊ नये म्हणून घरातली मोठी माणसं चार वेळा बजावतात. दुसरी गोष्ट म्हणजे पिठासारखी पांढरी भुकटी. तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या उन्हाळ्यात सगळ्याच गोष्टींवर काहीतरी पांढुरकं बसलेलं असतं, त्यामुळे ती धूळच समजली जाते.

धूळ मात्र पानाच्या वरच्या अंगावर बसते. ही भुकटी खालच्या अंगाला जास्त असते, आणि सगळ्यात दाट असते ती शेंड्याकडच्या कोवळ्या, आजच उलगडलेल्या पानावर. त्या पानाला धूळ खायला अजून वेळच मिळालेला नसतो.

साधं भिंग लावून पाहिलं की उलगडा होतो. ते पीठ नसून बारीक, एकमेकांत गुंतलेल्या केसांचा थर असतो, आणि त्याच्या जोडीला थोडं मेण. शेतकऱ्याच्या भाषेत लव, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात रोम. पानाच्या कातडीतली एखादी पेशी शेजारणींसारखी चपटी न राहता बाहेर वाढते, लांब होते, कधी तिला फाटे फुटतात. बऱ्याच झाडांत वाढ पूर्ण झाली की हा केस मरतो, आतलं पाणी आटतं आणि पोकळीत हवा भरते. पांढरेपण येतं ते या हवेमुळे. पेशीची भिंत आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो, विखुरतो आणि बराचसा परत फिरतो. बर्फ, दळलेलं मीठ, दुधावरचा फेस हे सगळे याच कारणानं पांढरे दिसतात. पांढरा रंग असा त्यांच्यात कुठेच नसतो. धोतर भिजलं की अंगाला चिकटून पारदर्शक होतं तेही यामुळेच: धाग्यांमधली हवा जाते, तिथं पाणी येतं आणि विखुरणं कमी होतं. लवदार पान ओलं केलं की हिरवं दिसू लागतं. हा प्रयोग घरच्या घरी होतो आणि पैसे लागत नाहीत.

आता प्रश्न असा, की ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तिथं एखाद्या झाडानं अंगावर लोकर का घ्यावी?

खानदेश म्हटलं की बाहेरच्या माणसाला तापीकाठची काळी जमीन, केळीच्या बागा आणि कापूस आठवतो. हे खरंच आहे, पण ती खोऱ्याच्या तळाची गोष्ट. पिंप्राळ्याहून पश्चिमेला निघालं की गिरणेच्या पलीकडे बांभोरीजवळ टेकड्या लागतात. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ याच टेकड्यांवर उभं राहिलं. दक्षिणेला जळगावच्या सीमेवर लांडोरखोरीचा वनपट्टा आहे, आणि आणखी खाली अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत अशीच चढउताराची जमीन. तिचं गावाकडचं नाव बरड. वर वीतभर माती, तिच्यात गोटे, खाली मुरूम आणि त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. जळगावला वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळ्याला त्याहून कमी. सह्याद्रीनं पश्चिमेचे ढग आधीच पिळून घेतलेले असतात. पण बरडाची अडचण पावसापुरती नाही. मुरमाडात पाणी ठरत नाही. काळी जमीन श्रावणातला पाऊस कार्तिकापर्यंत पोटात धरून ठेवते. बरडावर पाऊस थांबून आठ दिवस झाले, की वरचा थर कोरडा ठणठणीत. त्यात काळा दगड ऊन पितो आणि संध्याकाळपर्यंत परत ओकत राहतो. माणसाला हवेचं तापमान लागतं, पण दोन बोटं उंचीच्या रोपट्याचा मुक्काम दगडाच्या तापमानात असतो, आणि दगड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

सरकारी नकाशात अशा जागेची नोंद बहुधा पडीक म्हणून होते. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह वेळोवेळी प्रसिद्ध होतो, त्यात खडकाळ आणि झुडपी माळांसाठी वेगळे रकानेच आहेत. शब्द हिशेबापुरता ठीक आहे. तो वाचून तिथं काहीच राहत नाही असा समज होतो, तेवढा मात्र चुकीचा.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. त्या सुमाराला पहिले चार-सहा पाऊस झालेले असतात आणि बरडावर हजेरी भरू लागते. सगळ्यात आधी डोळ्यात भरते ती विष्णुक्रांत: जमिनीला बिलगून पसरलेल्या बारीक फांद्या आणि नखाएवढी निळी फुलं. तिची पानं हिरवी म्हणावीत तर चंदेरी झाक मारतात, कारण त्यांच्यावर रेशमी केस एकाच दिशेनं विंचरल्यासारखे झोपलेले असतात. तशीच झाक सराट्याच्या पानांवरही असते. पण सराटा माणसाला कळतो तो पायात काटा मोडल्यावर, पानांकडे बघायला तेव्हा सवड नसते. बांधाच्या कडेला कमरेएवढी वाढणारी पेटारी, जिला कुणी मुद्रा म्हणतात, तिची हृदयाकृती पानं मखमलीसारखी लागतात. आणि दगडांच्या फटीत कापूरमाधुरी. तिच्या पानांच्या बेचक्यात फुलांचे इवलेसे पांढरे गोंडे असतात, जणू कुणी पिंजलेल्या कापसाचे बोळे चिकटवून ठेवले आहेत. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘लॅनाटा’ म्हणजे लॅटिनमध्ये लोकरीची. दक्षिणेतले काही वैद्य मूतखड्यावर तिचा पाषाणभेद म्हणून वापर करत आले. दगडात उगवणाऱ्या झाडाला हे नाव शोभतं, औषधाचं काय ते वैद्य जाणोत.

ही चार झाडं एकमेकांची कुणी नव्हेत. विष्णुक्रांत गारवेलीच्या कुळातली, पेटारी कापसाच्या आणि भेंडीच्या, कापूरमाधुरी राजगिऱ्याच्या, तर सराट्याचं कूळ आणखीनच निराळं. प्रत्येक कुळानं लव स्वतंत्रपणे शोधून काढली आहे. निसर्गात एकच युक्ती इतक्या वेळा पुन्हा पुन्हा निघते, तेव्हा तिच्यात काहीतरी तथ्य असतं.

किती दूरवर निघते याचा एक नमुना न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या दक्षिण बेटावर लुझुला उलोफिला नावाची ठेंगणी वनस्पती वाढते. पाहणारा तिला गवतच म्हणेल. पण गवताच्या फुलाला पाकळ्या नसतात, आणि हिच्या तपकिरी, नजरेत न भरणाऱ्या फुलाला पाकळ्यांसारखी सहा दलं असतात. पुढे बोंड धरतं आणि त्यात बिया निघतात नेमक्या तीन. लुझुला या अख्ख्या प्रजातीची ही खूण आहे. तिच्या जवळच्या नात्यातल्या, दलदलीत वाढणाऱ्या जुंकसच्या बोंडात मात्र बियांचा बुकणा भरलेला असतो. पानांच्या कडेला लांब पांढरे केस ही लुझुलाची दुसरी खूण, आणि उलोफिलात ते इतके दाट होतात की झुबका लोकरीत गुंडाळल्यासारखा दिसतो. तिची जागा डोंगराळ भागातली, कोरडी, उघडी, गोट्यांनी भरलेली.

तो देश हिरवा, थंड आणि पावसाचा म्हणून माहीत असतो, तेव्हा तिथं कोरडी जागा कुठली? सदर्न आल्प्सची रांग दक्षिण बेटाच्या कण्यासारखी उभी आहे. समुद्रावरून आलेले ढग पश्चिम उतारावर रिते होतात आणि पूर्वेच्या वाट्याला कोरडा वारा येतो. कोकणातून घाट चढून खानदेशात उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय दगडगोट्यांचा उतार पाणी धरत नाही, हा बरडाचा नियम तिथंही लागू आहे. हिवाळ्यात आणखी एक पेच पडतो: पाणी असतं पण गोठलेलं, म्हणजे मुळांच्या दृष्टीनं नसल्यासारखंच. आमच्या रुईला जे ऊन करतं, ते तिथं ऊन, वारा आणि बर्फ मिळून करतात.

त्याच डोंगरांत राओलिया एक्झिमिया नावाची सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती खडकावर अशी गच्च, गोल आणि पांढुरकी वाढते की दुरून मेंढी बसल्यासारखी वाटते. तिला तिथं ‘भाजीची मेंढी’ अशाच अर्थाच्या नावानं ओळखतात. हिमालयात ४,००० मीटरच्या वर फेनकमळ सापडतं. हे ब्रह्मकमळाचं सख्खं भावंड, पण अख्खं लोकरीच्या गोळ्यात दडलेलं. वरच्या टोकाला एक भोक ठेवलेलं, त्यातून माशी आत शिरते आणि उबेत बसलेल्या फुलांचं परागण करते. त्याचं शास्त्रीय नाव सॉस्युरिया गॉसिपिफोरा. गॉसिपियम म्हणजे कापूस, म्हणून ‘कापूसधारी’. हिमालयाच्या बर्फातल्या फुलाला नाव द्यायला शास्त्रज्ञाला आठवला तो आपल्या शेतातला कापूस.

इथं शहाणा वाचक अडेल. फेनकमळात लव ऊब धरते आणि जळगावात तीच लव थंडावा देते, हे कसं? जळगावातच उत्तर आहे. जानेवारीत कानाला गुंडाळलेला रुमाल मे महिन्यातही डोक्याला असतो. फरक रुमालात नाही, तो काय अडवतोय यात आहे. फेनकमळाचा गोळा जवळजवळ बंद आहे: ऊन आत शिरतं, गरम झालेली हवा मात्र केसांच्या जाळीत अडकते. रुईच्या पानावर लव वरच्या वर ऊन परतवते, आत शिरू देत नाही.

पाठ्यपुस्तकात याचं उत्तर वर्षानुवर्षं वेगळं छापलं जायचं: केस पानालगतची हवा स्थिर ठेवतात, त्यामुळे बाष्पीभवन कमी होतं. हे खोटं नाही, पण पाणी वाचवण्यातला त्याचा वाटा बरेचदा समजुतीपेक्षा लहान निघतो. उन्हाच्या मुलखात खरी कमाई प्रकाशाची आहे, आणि ती मोजून दाखवली जेम्स एलेरिंगर, ओले ब्योर्कमन आणि हॅरल्ड मूनी यांनी, १९७६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात. त्यांनी दोन चुलत बहिणी शेजारी ठेवल्या. एक, अमेरिकेच्या वाळवंटातलं एन्सेलिया फॅरिनोसा हे पांढुरकं झुडूप. दुसरी, कॅलिफोर्नियाच्या दमट किनाऱ्यावरची तिचीच बिनकेसांची जात. अन्न तयार करायला पानं जो प्रकाश वापरतात, तो लवदार पान दुसरीच्या मानानं ५६ टक्क्यांपर्यंत कमी शोषत होतं. पान त्यामुळे थंड राहतं. ऋतू सरकत जातो, ऊन वाढतं, तशी लव दाट होत जाते.

पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. जो प्रकाश परतवला त्यातूनच अन्न व्हायचं होतं. लव वाढली की अन्ननिर्मिती झपाट्यानं घटते. म्हणजे हे झाड उन्हाळ्यात थंड राहतं ते उपाशी राहून. पाण्याची चंगळ असलेल्या जागी असा सौदा कुणी करणार नाही, आणि म्हणूनच केळीचं पान गुळगुळीत असतं. बरडावर दुसरा पर्यायच नसतो.

उंच डोंगरांत लवेला आणखी एक काम निघालं. आल्प्समधलं एडेलवाइस हे पांढरं, मऊ फूल पोस्टाच्या तिकिटांपासून नाण्यांपर्यंत सगळीकडे झळकलं आहे. त्याच्या केसांची रचना बेल्जियमच्या ज्याँ-पोल व्हिन्यरों आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासली. प्रत्येक केसावर सुमारे ०.१८ मायक्रोमीटर जाडीच्या तंतूंच्या समांतर रेषा निघाल्या. ही जाडी अतिनील किरणांच्या तरंगलांबीच्या जवळपासची. त्यामुळे अतिनील प्रकाश केसांतच अडकून जिरतो आणि पानाला लागणारा प्रकाश पुढे जातो. उंचावर हवा विरळ, अतिनील जास्त; गाळणी हवीच होती.

लवेची खानदेशातली सगळ्यात महागाची गोष्ट मात्र टेकडीवर नाही. ती पऱ्हाटीच्या पानावर आहे.

कापसाच्या पानाखाली जून संपता संपता हिरवट, तिरके चालणारे तुडतुडे येतात. मादी पानाच्या शिरेत अंडी खुपसते, पिल्लं आणि प्रौढ दोघंही रस शोषतात, पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग लाल होऊन वाटीसारख्या वळतात. बांधावरून पाहणाऱ्याला शेत भाजल्यासारखं दिसतं. ज्या वाणाच्या पानांवर, विशेषतः खालच्या बाजूच्या शिरांवर, लांब आणि दाट लव असते तिथं मादीला अंडी घालायला शीर गाठता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन इथं एफ. आर. पार्नेल यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात याच धाग्यावर निवड करत तुडतुड्यांना दाद न देणारं ‘यू-४’ हे वाण काढलं आणि त्या भागातली कापसाची शेती तगली. आज आपल्याकडेही कपाशीच्या सल्ल्यात ‘पानांवर लव असलेले वाण निवडा’ हे वाक्य असतंच. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा धाक कमी होईल ही आशा होती. पण बीटीचं विष अळीसाठी आहे, रस शोषणाऱ्या किडीला त्याचं काही नाही. तिच्यापुढे पुन्हा लवेचंच नाव घ्यावं लागतं.

मग सगळीच कपाशी केसाळ का करत नाहीत? कारण पांढऱ्या माशीला तीच लव आवडते. केसांच्या आडोशाला तिची अंडी सुरक्षित राहतात, फवारा पानापर्यंत नीट पोचत नाही. हिरव्या बोंडअळीचा पतंगही गुळगुळीत पानापेक्षा केसाळ पानावर जास्त अंडी घालतो. वर जिनिंगवाल्याची वेगळी तक्रार: वाळलेल्या लवदार पानाचा चुरा रुईत असा गुंततो की निघता निघत नाही, आणि कचरा जास्त म्हणजे भाव कमी. एका किडीचं कुंपण दुसरीचं घर होतं. वाण निवडणारा शास्त्रज्ञ या दोघींच्या मध्ये कुठेतरी उभा असतो, आणि त्याच्याही मागे शेतकरी, ज्याला पेरणीआधीच ठरवायचं असतं की यंदा त्रास कोणाचा होणार.

रुईवर मात्र अशी नाजूक गणितं चालत नाहीत. तिच्या चिकाला आणि लवेला पुरून उरलेली दोनच मंडळी रोज दिसतात. एक पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा, दिमाखदार टोळ. दुसरी काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या वळ्यांची अळी, जिचं पुढे केशरी फुलपाखरू होतं. ती अळी खाण्याआधी पानात चर पाडते, चीक तिथंच वाहून जाऊ देते आणि मग पलीकडचा भाग निवांत खाते. अमेरिकेत रुईच्या नात्यातल्या झाडांवर मोनार्क फुलपाखराची नुकती अंड्यातून निघालेली अळी एक पाऊल आधीपासून सुरुवात करते: आधी पानावरची लव कातरून काढते, न्हाव्यानं दाढी करावी तशी, मग चीक सोडते, मग खाते. एवढ्या उपद्व्यापात कित्येक अळ्या मरतात.

राहता राहिला कापूस. बोंडातून निघणारा धागा हीसुद्धा लवच आहे, फक्त पानावरची नाही तर बीच्या सालावरची. एकेक धागा म्हणजे एकच पेशी. फूल उमलल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत लांबते, जाडी मात्र केसाहून कमी, आणि एका सरकीवर अशा हजारो पेशी. भिंतीवर जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचे थर चढतात, बोंड उकललं की आतलं पाणी उडतं, नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. पीळ असतो म्हणून सूत कातता येतं. रुईच्या शेंगेतले रेशमी धागेही बीला चिकटलेली लवच. पण ते सरळ, गुळगुळीत आणि पीळ नसलेले, म्हणून त्यांचं सूत टिकत नाही. फार तर उशीत भरतात. विशेष म्हणजे मराठीत सरकी काढलेल्या कापसालाही रुईच म्हणतात, आणि झाड ते झाडच.

फाल्गुन-चैत्रात रुईच्या शेंगा तडकतात. पिंप्राळ्याच्या गल्ल्यांतून, रुळांवरून, अर्धवट भिंतींवरून त्यातल्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात आणि पोरं त्यांच्या मागे धावतात. हातात सापडली तर फुंकर मारून परत सोडायची, हा खेळाचा नियम. बाकीच्या पलीकडे बांभोरीच्या दिशेनं जातात, आणि ज्या मुरमात अडकतात तिथं पावसाळ्यापर्यंत पडून राहतात.